पळणाऱ्या मुलींच्या मुलखात

आमच्या सेनगावकडून साताऱ्या-सांगलीला जाणारं माणूस सहसा ऊस तोडायला जातं. दिवाळी झाली की गावोगावी ट्रक उभे राहतात, संसार गाठोड्यात बांधले जातात आणि माझ्या वर्गातली कितीतरी पोरं हजेरीतून कमी होतात. म्हणून भाऊबीज झाल्यावर मी पिशव्या घेऊन निघाले, तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुम्ही बी कोयता धरला का?" सगळे हसले. मीही हसले.

मी निघाले होते माझ्या लेकीला घेऊन. रेवती बारावीला आहे आणि लांब पल्ल्याचं पळते. गावात मैदान नाही, म्हणून ती डांबरी रस्त्याच्या कडेनं पळते. कुत्री मागं लागतात, कधी मोटारसायकलवरची पोरं लागतात. पुण्याला शालेय स्पर्धेत साताऱ्याच्या एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी तिला पाहिलं आणि पुढं फोन सुरू झाले. "बारावी झाली की इकडं पाठवा. कॉलेज, होस्टेल, सराव, सगळं एका जागी. पुढं खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरी."

रेवतीच्या वडिलांना नोकरी हा शब्द पुरला. मला पुरला नाही. मी म्हणाले, आधी जाऊन बघते. मुली कुठं राहतात, काय खातात, त्यांच्याकडं कोण बघतं. सर म्हणाले, "अवश्य या. सुट्टीतही आमच्या मुलींचा सराव चालू आहे. कराडला क्रॉस कंट्री आहे, तीही बघून जा."

सातारा

साताऱ्याला उतरलो तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. अजिंक्यतारा किल्ला गावाच्या डोक्यावरच बसल्यासारखा दिसत होता. आमच्या सपाट मुलखातून आलेल्या माणसाला डोंगराखालचं गाव बघून आधी दडपण येतं, मग सवय होते.

सर स्टँडवर घ्यायला आले होते. चाळिशीचे, सडसडीत, अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी रेवतीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "पोरीत दम आहे मॅडम. जरा भरलीय, तेवढं उतरवायचं."

रेवतीच्या गळ्याजवळची हाडं लांबूनही दिसतात. पण मी पिशव्या उचलून त्यांच्या मागं निघाले. म्हटलं, ह्यांचा रोजचा विषय, ह्यांना कळत असेल.

मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या मागं. व्हरांड्यात दोरीवर बुटांच्या जोड्या नाड्यांनी बांधून टांगल्या होत्या, आमच्याकडं कणसं टांगतात तशा. आम्हाला ज्या खोलीत जागा दिली, ती सुप्रियाची. सुप्रिया बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, आष्ट्याजवळच्या एका वस्तीवरची, वडील, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस. उंच, काळीसावळी, हसली की मोठे पांढरे दात दिसायचे. वसतिगृहातली सगळ्यात वेगवान मुलगी तीच.

"या काकी, बसा. मी आत्ताच रनिंग करून आलो," ती म्हणाली.

ती 'आलो' म्हणाली आणि रेवती माझ्याकडं बघून गालात हसली. तिकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' असंच बोलतात. पहिले काही तास आम्हा दोघींना ते चुकल्यासारखं वाटलं, मग त्यात एक ऐट दिसायला लागली. रेवती 'पळायलेय' म्हणाली की त्या मुलीही हसायच्या.

स्टँडवरून येताना मी कंदी पेढ्यांचा मोठा पुडा घेतला होता. साताऱ्याला येऊन पेढे न्यायचे नाहीत तर काय न्यायचं. पुडा उघडून सगळ्यांपुढं धरला. मुली भोवती जमल्या. एकीनं पेढा हातात घेतला, नाकाशी नेला, वास घेतला आणि परत ठेवला. दुसरीनं नखाएवढा तुकडा मोडला. सुप्रिया म्हणाली, "रेस झाल्यावर खातो काकी. सर वजन बघत्यात." मला वाटलं, काय शिस्त आहे पोरींची. आमच्या शाळेत खिचडीच्या वेळी चाललेली ढकलाढकली आठवून मला त्यांचं कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या मोटारसायकलवर मागं बसून यवतेश्वरचा घाट चढले. मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणि शेजारून मुली धावतायत. इतक्या जवळून इतकी माणसं धापा टाकताना मी कधी ऐकली नव्हती. वळणावळणाला खाली सातारा दिसायचा, धुक्यात अर्धा बुडालेला, आणि वर वाळत चाललेल्या गवताचा गोडसर वास. सर ओरडत होते, "खांदे सोडा. सुप्रिया, उजवा पाय ओढतीयेस. उचल." सुप्रिया पाय उचलायची आणि पुढं निघायची. रेवती आधी मागं पडली, मग हळूहळू मधल्या मुलींत आली. तिच्या तोंडावर असा आनंद होता की मला तिच्याकडं बघवेना. हा आनंद मी तिला सेनगावात कुठून देणार होते?

वर पोचल्यावर सुप्रिया कठड्याला टेकून जांघ दाबत होती. मी विचारलं तर म्हणाली, "जरा ओढल्यागत हुतंय. गरम झालं की कळत न्हाई."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीच्या आधीपासनं. समद्यांचंच कायतरी दुखतंय काकी. न दुखणारी पोरगी ग्राउंडवर दाखवा मला."

त्या दोन दिवसांत मी त्यांचा दिवस पाहिला. पहाटे धावणं, मग थंड पाण्यानं अंघोळ, कारण गरम पाणी आधी आलेल्यांना संपतं. सुट्टी नसली की मग कॉलेजचे तास; तासाला मागच्या बाकावर डुलक्या. संध्याकाळी पुन्हा मैदान, मग स्वतःचे कपडे धुणं. झोप येईपर्यंत मोबाइलवर दुसऱ्या धावपटूंचे व्हिडिओ. जवळजवळ सगळ्या बी.ए.ला. मी विचारलं, सायन्सला कोणीच कसं नाही? सुप्रिया म्हणाली, "प्रॅक्टिकल असत्यात की. पळायचं कवा?" रेवती शास्त्र शाखेत आहे, गणितात बरी आहे. ती लगेच म्हणाली, "मला पण बी.ए. चालेल." तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला दहावीनंतर सायन्ससाठी तिनं धरलेला हट्ट आठवला.

जेवायला भाकरी, आमटी, कोरडी भाजी, वर खर्डा. आमच्या ठेच्यापेक्षा खर्डा ओबडधोबड, पण झणका तोच. सुप्रिया अर्धी भाकरी आमटीत कुस्करून बराच वेळ खात बसायची, म्हणजे ताट रिकामं दिसत नाही आणि पोटातही फार जात नाही. तिच्या शेजारी रेवतीही तसंच करायला लागली.

"पोलीस व्हायचंय," सुप्रिया मला म्हणाली. "विद्यापीठाच्या टीममधी नाव आलं की खेळाडू कोट्याचं बघता येतंय. आबांनी गावात सांगूनबी टाकलंय."

कराड

विद्यापीठाचा संघ निवडणारी ती शर्यत गावाबाहेर, उसाच्या मळ्यांमधून काढलेल्या वाटेवर होती. मुलींना त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा फेरी मारायची होती. मी आणि रेवती कालव्याच्या वळणावर पाणी घेऊन उभ्या राहिलो. तिथंच ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. चुलीपुढं बसलेल्या एका बाईनं आमचं बोलणं ऐकलं आणि विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"सेनगावच्या."

"मी जिंतूरकडली." तिचा चेहरा खुलला. आमची बोली तिच्या तोंडून तिथं ऐकून मलाही बरं वाटलं. मग तिनं विचारलं, "ह्या पोरी कशाला पळायल्यात?"

"नोकरीसाठी."

"पळल्यावर नोकरी मिळती व्हय?" तिनं सरळ विचारलं होतं, थट्टेनं नाही. मी म्हणाले, "म्हणतात."

पहिल्या फेरीला सुप्रिया सगळ्यांच्या पुढं गेली. दुसऱ्या फेरीला काही मुली तिच्या पुढं होत्या. पुढच्या फेरीला ती वळणावर आली तेव्हा तिचं धावणं बदललेलं होतं. उजवा पाय टेकला की सगळं अंग एका बाजूला झुकायचं. रेवती म्हणाली, "आई, तिला दुखायलंय." मी पाण्याची बाटली पुढं केली. सुप्रियानं ती घेतली नाही. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर गेली आणि पडली. काडकन आवाज आला, असं रेवती म्हणते. मला आवाज आठवत नाही. मला ऊस सळसळत होता तेवढंच आठवतं.

ती पालथी पडली होती. आम्ही धावत गेलो. "मी उठतो," ती म्हणाली. हातांवर जोर दिला, अर्धी उठली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कोप्यांमधली माणसं बाहेर आली. तिचा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, तिचा नसल्यासारखा.

मागून येणाऱ्या मुली दोन्ही बाजूंनी पुढं जात राहिल्या. एकही थांबली नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांना थांबायला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

जिंतूरच्या बाईनं वाकळ आणून तिच्या डोक्याखाली घातली आणि पदरानं तिच्या तोंडावर सावली धरून बसली. ॲम्ब्युलन्स शेवटच्या रेषेपाशी होती. मधल्या वाटेवर शर्यत चालू आणि पलीकडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या. ती यायला फार वेळ लागला. तेवढ्यात सर पळत आले, गुडघ्यांवर बसले. सुप्रियानं डोळे उघडले.

"कितव्या नंबरला हुतो सर?"

सरांनी आधी माझ्याकडं पाहिलं. "तिसऱ्या," ते म्हणाले. ती सातवी-आठवी होती, ते मी पाहिलं होतं.

कराडला एक्स-रे झाला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं. वडिलांना फोन लागला. ते म्हणाले, सांगलीला आणा, फौजी माणसाला तिथं इलाज मिळतो, घरही जवळ आहे. पाय बांधून तिला गाडीत ठेवलं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. बाकीच्या मुलींना मला साताऱ्याला पोचवायचंय. हिच्यासोबत बाईमाणूस लागेल. माझ्याकडं कोणीच नाही."

मुलींकडं कोण बघतं, हे बघायला मी घरून निघाले होते. उत्तर मिळालं. मी गाडीत बसले. रेवती आधीच सुप्रियाचा हात धरून बसली होती.

सांगली

सुप्रियाचे वडील दवाखान्याच्या दारात उभे होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. ताठ कणा, कातरलेल्या मिश्या, इस्त्रीचा शर्ट. स्ट्रेचर आत जाताना त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय न्हाई हुत. फौजेत असली लय बगितल्यात. उभा ऱ्हातोय माणूस." सुप्रियानं मान हलवली. एवढा वेळ न रडलेली मुलगी तेव्हा रडली, पण तोंड भिंतीकडं करून.

डॉक्टर बाई होत्या. तपासता तपासता त्यांनी आबांना औषध आणायला पाठवलं आणि ते गेल्यावर सुप्रियाला विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?"

सुप्रिया गोंधळली. "ह्या उन्हाळ्यात… न्हाई. त्याच्या आधीच्या."

"वर्षाच्या वर झालं. कोणाला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? बरंच की. रेसच्या टायमाला कटकट न्हाई."

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं नाही. नंतर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "तुम्ही आई का?" मी नाही म्हटलं, पण त्या बोलत राहिल्या. बहुधा त्यांना कोणाला तरी सांगायचंच होतं. "हाड आज मोडलेलं नाही. आधी तडा गेला होता, त्यावर ही पळत राहिली. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांना पोसणं सोडतं. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि हाडं म्हातारीसारखी. आणि ही माझ्याकडं आलेली पहिली नाही."

मी मागं वळले तर रेवती भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या नजरेला नजर देईना.

कुपवाड

संध्याकाळी मनीषा डबा घेऊन आली. सुप्रियाच्या आधी त्याच वसतिगृहात राहून विद्यापीठाकडून पळालेली मुलगी. आता कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात पंपाचे भाग तपासून खोक्यात भरते. सुप्रियाची आई दवाखान्यात आली, तेव्हा मनीषा आम्हाला म्हणाली, "लॉजवर कशाला? माझ्या खोलीवर चला."

कुपवाडला पोचलो तेव्हा कारखान्यांची दिवसपाळी सुटली होती. रस्ताभर दुचाक्या, हेल्मेटला अडकवलेले डबे, लोखंडाच्या किसाचा वास. आमच्याकडं दिवेलागणीला गुरं परत येतात तशी माणसं परत चालली होती. मनीषाची खोली एका चाळीच्या टोकाला. तिनं भडंग आणि कांदा पुढं ठेवला, चहा टाकला. भडंग आमच्या चिवड्यासारखाच दिसतो, पण लसूण असा की घास पोटात गेला तरी तोंडात रेंगाळतो. ती स्वतः मूठ मूठ भरून खात होती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"पळणं सोडल्यावर मी पयल्यांदा पोटभर जेवलो काकी," ती म्हणाली. "वर्षभर नुसतं खात हुतो."

"पोलीस भरतीचं काय झालं?"

"उंचीत बसलो न्हाई. बोटभर कमी पडली. एवढी वर्सं पळालो, कुणी आधी उंची मोजलीच न्हाई बगा. मलाबी सुचलं न्हाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला जड गेलं. "आता सकाळी जाग आली तरी पडून ऱ्हातो. लय बरं वाटतंय."

मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्यात तर उलट हुतं. जिची बंद झाली ती खरी रनर, असं म्हनायचो. जिला येती ती जाड." ती रेवतीकडं वळली. "तुला येती का गं?"

रेवती म्हणाली, "येते."

सकाळी मनीषा कामावर गेली. मी अंथरूण आवरत होते, रेवती खिडकीत बसली होती. काही न विचारता ती म्हणाली, "आई, मी काल खोटं बोलले."

मी हातातली चादर खाली ठेवली.

"श्रावणापासून नाही आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पळू दिलं नसतंस."

मी रोज वर्गात मुलींना सांगते, अडचण असेल तर मला सांगा. आरोग्याचा तास मीच घेते. आणि माझ्या घरात, माझ्याच ताटाशेजारी बसून माझी मुलगी भाकरी चिवडून वेळ काढत होती, ते मला भूक नसल्यासारखं वाटलं. रेवती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "माझं पण मोडेल का?" मी तिला जवळ घेतलं. हाताला बरगड्या लागल्या. लागत होत्या आधीही. मी त्या हाताला लागू दिल्या नव्हत्या.

दुपारी सुप्रियाच्या हाडात स्क्रू बसवले. तिची आई खाटेच्या कडेला बसून तिचा पाय चेपत होती; मोडलेला सोडून दुसराच, पण सारखा. सर साताऱ्याहून आले होते. आम्ही बाहेरच्या टपरीवर चहाला गेलो. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, चहावर साय धरली.

"मी पुरुष माणूस मॅडम," ते शेवटी म्हणाले. "मुलींना असलं कसं विचारणार? उद्या कोणी काही अर्थ काढला तर?"

"मग बाईमाणूस का नाही ठेवत?"

"मी स्वतःच तासावर आहे, कायम नाही. मेडल आलं तर पुढच्या वर्षी मी असतो, नाही आलं तर दुसरा कोणी असतो. बाई कुठून मागू?" मग म्हणाले, "वजन कमी कर, पळणं वाढतं. मला माझ्या सरांनी हेच सांगितलं होतं. आणि वाढतं हो मॅडम. काही दिवस खरंच वाढतं."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि तो आदल्या दिवसापासून झोपला नव्हता. मी एवढंच म्हणाले, "रेवती येणार नाही." ते हो म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं नाही.

आष्टा

आम्ही परत निघणार म्हटल्यावर आबा अडून बसले. "माज्या पोरीपाशी बसलाय तुमी. घरी जेवल्याबिगर जायाचं न्हाई." सुप्रियापाशी तिची आई होती. सुप्रियानं रेवतीचा हात धरून सांगितलं, "पोचलीस की फोन कर. आन् सराव सोडू नको." रेवती बरं म्हणाली. मी ते ऐकलं.

आबांची वस्ती आष्ट्याबाहेर, चारी बाजूंनी ऊस. सुप्रियाच्या चुलतीनं जोंधळ्याच्या भाकरी केल्या होत्या, आमटी, दही, तव्यावरचा गरम खर्डा. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह करतात, पण एका मर्यादेनंतर सोडतात. इथं सोडत नाहीत. रेवतीच्या ताटात तिसरी भाकरी पडली. ती माझ्याकडं न बघता खात राहिली, सावकाश, औषध घेतल्यासारखी. भिंतीवर सुप्रियाची पदकं खिळ्यांना टांगलेली होती आणि मधोमध आबांचा वर्दीतला फोटो. त्या फोटोखाली एक खिळा रिकामा होता. आबा म्हणाले, तो कराडच्या मेडलसाठी ठोकला होता. मग उठून त्यांनी तो हातानं हलवून काढला आणि खिशात टाकला.

पुढचं इथंच सांगून टाकते. सुप्रियाचं हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड राहिला. आता ती काठी घेऊन चालते. वसतिगृह सोडलं, घरी राहून परीक्षा देते आहे. भरतीचं नाव घरात कोणी काढत नाही. कराडच्या शर्यतीतून तिच्या वसतिगृहातली दुसरी एक मुलगी विद्यापीठाच्या संघात गेली. ती सुप्रियाला भेटायला आली नाही. रेवतीला मी हिंगोलीच्या डॉक्टरांकडं नेते. पळणं काही महिने बंद आहे. मध्यंतरी तिची पाळी परत आली. तिनं मला ते सांगितलं, तेव्हा तिचा आवाज आनंदाचा नव्हता. शर्यत हरल्याचं सांगावं तसा होता. ती माझ्यासमोर जेवते, अभ्यास करते, विचारलं तेवढं बोलते. तिचं वजन वाढलंय आणि आरशापुढून जाताना ती मान वळवते. मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं, असं तिला वाटतं. घेतलंच आहे.

पण त्या दिवशी आष्ट्यात हे काही माहीत नव्हतं. आबा आम्हाला स्टँडवर सोडायला आले. वाटेत त्यांनी कालव्याकडचा रस्ता दाखवला. सुप्रिया सुट्टीत घरी आली की तिथंच पळायची आणि ते मागून गाडी चालवत उजेड द्यायचे. स्टँडवर उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ होती. गाडी लागलेली होती. रेवती आत जाऊन बसली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा आबा म्हणाले, "बाई, तुमी शिकल्याल्या हाईसा. येक इचारू?"

"विचारा."

"दिवाळीत आली तवा पहाटं उठंना. म्हनायची, आबा, आज नगं. मला वाटलं, आळस हाय. मी तोंडावर पानी मारून उठवायचो. रोज." ते माझ्याकडं बघत नव्हते, गाडीच्या चाकाकडं बघत होते. "तवा तिला दुकत आसंल का वं?"

मागचे प्रवासी चढायला थांबले होते. मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. दवाखान्याच्या दारात त्यांनी लेकीला म्हटलं होतं तसं, काय न्हाई हुत म्हणून. मी खिडकीतून बघणाऱ्या रेवतीकडं पाहिलं.

"दुखत असेल आबा."

मग त्यांनी मान वर केली.

"लय?"

"लय," मी म्हणाले.